वचन आणि प्रसंग
(श्रीमुखीच्या वचनांपासून धीर कसा घ्यावा याविषयी अभ्यास)



मनुष्य संकटात सापडला म्हणजे आधारासाठी तो सर्वप्रथम एखाद्या वचनाकडे धाव घेतो. कोणी ते पोथीत शोधतो, कोणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात शोधतो. शाळेच्या फळ्यावर नित्य एक सुविचार लिहिला जातो, दिनदर्शिकेच्या पानावर एक छापलेला असतो आणि अलीकडे तर भ्रमणध्वनीवर प्रभातकाळीच दहा-वीस सुविचार येऊन पडतात. वचनांची अशी सुबत्ता पूर्वी कधीच नव्हती. परंतु त्या प्रमाणात मनुष्याचा धीर वाढला आहे काय, असा प्रश्न केला तर प्रामाणिकपणे होकार देता येत नाही. सकाळी वाचलेले वचन दुपारच्या प्रसंगी आठवत नाही. आठवले तरी उपयोगी पडत नाही. आणि कधी कधी तर ज्याला ते ऐकवावे त्याचे मन त्याने अधिकच दुखावते. हे असे का व्हावे? दोष वचनाचा की ते घेणाऱ्याचा? या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्रपरंपरेच्या आधाराने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. वचन प्रसंगातून जन्मते

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी केले ते निरूपण. आणि तेही कोणा एका जिवाच्या निमित्ताने, कोणा एका ठिकाणी, कोणा एका प्रश्नाच्या उत्तरादाखल. महदाइसेची जिज्ञासा प्रसिद्धच आहे. पुढे धवळे रचून मराठीची आद्य कवयित्री ठरलेली ही साध्वी प्रश्न विचारताना कधी संकोचली नाही. तिने विचारले म्हणून कित्येक निरूपणे झाली. म्हैंभट्ट आरंभी पांडित्याचा अभिमान घेऊन आले, तेव्हा त्यांच्याशी झालेल्या बोलण्याची तऱ्हा निराळी. भोळ्याभाबड्या भक्तजनांशी झालेल्या बोलण्याची तऱ्हा निराळी. वैद्य एकच असला तरी रोगी पाहून औषध देतो, तसाच हा प्रकार होय.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ उत्तरापंथे गेले आणि भक्तपरिवारावर असन्निधानाचे दुःख कोसळले. तो परिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. पुढे म्हैंभट्टांनी भटोबासांच्या सांगण्यातून आणि इतर भक्तजनांस पुसून पुसून सर्वज्ञांच्या लीळा संकलित केल्या. ऋद्धिपूर येथील वाजेश्वरीच्या स्थानी झालेल्या या कार्याचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्यांचा आधार डोळ्यांपुढून गेला होता, त्यांनी धीर धरण्यासाठी केवळ सुवचनांची माळ गुंफली नाही. त्यांनी वचनाबरोबर स्थळ जपले, वेळ जपली, समोर कोण होते ते जपले. लीळाचरित्रात सर्वज्ञ कोठे बसले होते, कोण आले, त्याने काय विचारले, ही हकीकत आधी येते आणि वचन मागाहून येते.

पुढे केशिराजबासांनी लीळाचरित्रातील श्रीमुखीची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने प्रसंगापासून वेगळी झाली, पाठांतरास सुलभ झाली. परंतु त्यामुळे एक अडचणही उभी राहिली. वचन कोणास उद्देशून आहे हे न कळता ते मुखोद्गत होऊ लागले, तर त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने करील. पंथातील आचार्यांनी ही अडचण ओळखली होती, म्हणूनच ‘प्रकरणवश’ या स्वरूपाची रचना झाली. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या निमित्ताने निरूपिले गेले, हे सांगणे हेच तिचे प्रयोजन. शास्त्राच्या अभ्यासात वचनाचा प्रसंग पाहणे हा केवळ जिज्ञासेचा विषय नसून अर्थनिर्णयाचे ते साधन आहे, हे यावरून ध्यानी येईल.

उदाहरण घेऊ. देशाच्या शेवटी जाऊन झाडाखाली आयुष्य कंठावे, अशा आशयाचे एक वचन आचारप्रकरणात सुप्रसिद्ध आहे. प्रसंग न जाणता एखाद्या गृहस्थाने ते भिंतीवर लिहून ठेवले तर काय होईल? एक तर तो ते वाचून हसेल आणि म्हणेल की हे आपल्याकरिता नव्हे. किंवा एखाद्या वैतागाच्या दिवशी त्याच वचनाचे निमित्त करून लेकराबाळांस वाऱ्यावर सोडील. दोन्ही मार्गांनी वचनाची हानीच झाली. परंतु हे निरूपण सर्वसंगपरित्याग केलेल्या साधकासाठी आहे, ओळखीच्या माणसांत आणि परिचित मुलखात मनाची गुंतवण कशी पुन्हा वाढते हे ओळखून केलेले आहे, असे कळले म्हणजे गृहस्थालाही त्यातून त्याचा वाटा मिळतो. घर न सोडताही ‘माझे माझे’ या भावाची मूठ थोडी सैल करणे त्याच्या हाती असते. भिक्षुकाला त्या वचनाने वाट दाखविली, वासनिकाला दिशा दाखविली.

२. दृष्टांताचे प्रयोजन

सूत्र हे स्वभावतःच संक्षिप्त. संक्षेपामुळे ते टिकते, परंतु संक्षेपामुळेच ते निसटते. म्हणून सर्वज्ञांनी निरूपणात ठिकठिकाणी दृष्टांत दिले. केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात असे ११४ दृष्टांत आहेत आणि त्याची रचना मोठी अभ्यसनीय आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत श्रीमुखीचे; दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. दृष्टांतातील कोणती गोष्ट कशाच्या ठिकाणी समजावी, हे जुळवून दाखविणे हे दार्ष्टांतिकाचे काम.

हत्ती पाहावयास गेलेल्या जन्मांधांचा दृष्टांत कोणास ठाऊक नाही? पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा भासला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. प्रत्येकाचे बोलणे त्याच्या हातापुरते खरे होते. परंतु हत्ती असा एकेका अवयवाएवढा नव्हता. मूळ दृष्टांत परमेश्वराच्या ज्ञानासंबंधी आहे, हे विसरता कामा नये. तथापि वचनांच्या अभ्यासकाने तो स्वतःलाही लावून पाहावा. एकच वचन धरून ‘हाच धर्म’ असे म्हणणारा मनुष्य त्या जन्मांधासारखाच नव्हे काय? एकाने दयेचे वचन धरले आणि आचाराची शिस्त सोडली. दुसऱ्याने शिस्तीचे वचन धरले आणि दया सोडली. दोघांच्याही हाती शास्त्राचा एकेक अवयव लागला, शास्त्र लागले नाही.

आणखी एक गोष्ट. हे दृष्टांत कोणत्या वस्तूंतून उभे राहिले ते पाहावे. खांब, सूप, भिंत, खराटा ही सारी घरातली आणि अंगणातली माणसे जाणतात अशी नावे आहेत. केशिराजबासांनी शास्त्र संस्कृतात आणण्याचा मनोदय दाखविला तेव्हा भटोबासांनी त्यांस आवरले. तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानास मुकतील, अशी त्यांची चिंता होती, हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस सांगणे नको. ज्या वचनापासून धीर घ्यावयाचा ते वचन, ज्याला धीराची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्या भाषेत असले पाहिजे, हे त्या आचार्याने सातशे वर्षांपूर्वी जाणले होते.

३. आधी आसरा, मग शब्द

लीळाचरित्रातील सशाची लीळा आपण वारंवार वाचतो. पारध्यांच्या भयाने पळत सुटलेला ससा सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली येऊन दडला. पारध्यांनी त्याची मागणी केली. शरण आलेल्यास सर्वज्ञांनी देऊ केले नाही. उलट, त्या निरुपद्रवी जिवांना का मारता, अशा अर्थाचे निरूपण पारध्यांस केले आणि त्यांचे मन वळविले. या लीळेवरून अहिंसेचा बोध घेतला जातो तो योग्यच आहे. परंतु वचनांच्या अभ्यासकाने तिच्यातील क्रमाकडेही लक्ष द्यावे. निरूपण झाले ते पारध्यांसाठी. सशाला निरूपण ऐकावे लागले नाही; त्याला प्रथम मिळाला तो आसरा. ज्याच्या हाती शस्त्र होते त्याच्याकरिता शब्द. ज्याच्या पोटात भय होते त्याच्याकरिता जागा.

आपण बहुधा नेमके उलट करतो. भ्यालेल्या, खचलेल्या माणसाला शब्द देतो. आणि ज्याला दोन शब्द सुनवावयास हवेत त्याच्यापुढे गप्प बसतो. हे मी इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

४. एक अनुभव

वऱ्हाडातील आमच्या गावी काही वर्षांपूर्वी ऐन सोंगणीच्या तोंडावर गारपीट झाली. उभा गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे मातीत मिसळले. आमच्या शेजारी एक उपदेशी गृहस्थ राहतात. त्यांची सारी भिस्त त्या चार एकरांवर, आणि डोक्यावर मागील हंगामाचे कर्ज. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीवर भिंतीस टेकून बसले होते. मला शास्त्राचा थोडाफार अभ्यास आहे आणि त्या अभ्यासाचा थोडाफार अभिमानही होता. मी त्यांना कर्मभोगाविषयी सांगू लागलो. आपले भोग आपणच भोगून सारावयाचे असतात, खेद केल्याने ते टळत नाहीत, अशा अर्थाची तीन-चार वचने मी एकामागून एक म्हणून दाखविली. उच्चार शुद्ध होता, संदर्भही बिनचूक होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि खाली पाहतच म्हणाले, “भाऊ, तुमचं बरोबर असन, पन आज नोको.”

मी उठून आलो. त्यानंतर ते गृहस्थ आश्रमात येईनासे झाले. मला वाटले, यांची श्रद्धाच उणी.

आमच्या आश्रमात एक वयोवृद्ध तपस्विनी होत्या. सारा गाव त्यांना ‘आई’ म्हणे. गारपिटीनंतर तिसऱ्या दिवशी त्या भिक्षेस निघाल्या. त्या घरी जाऊ नये, तेथे आता काय उरले आहे, असे कोणी सुचविले. आईंनी ते ऐकले न ऐकलेसे केले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि नित्याप्रमाणे भिक्षा मागितली. घरातील माउलीने चतकोर भाकर आणून झोळीत घातली. आईंनी ओसरीकडे पाहून विचारले, “बापू, तू जेवला काय?” त्यांनी मान हलविली. “मंग तू जेवल्याबिगर म्या कशी जाऊ?” असे म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि हातातील गाठीवर नामस्मरण करू लागल्या. शेवटी तीन दिवसांनंतर त्या गृहस्थाने अर्धी भाकर खाल्ली. आई उठल्या, निघताना एवढेच म्हणाल्या, “दार उघडं ठेवजो, बापू.”

पुढे काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आश्रमात येऊ लागले. एके दिवशी त्यांनी होऊन मला सांगितले की त्या दिवसांत मनात फार वाईट विचार येत. रात्री आतून कडी लावावी असे वाटे, तेव्हा आईंचे शब्द आठवत आणि हात मागे येई. “सारे म्हनत होते ह्याच्या घरी काही नाही, आईनं माह्या घरी भीक मागतली,” असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ज्या घराला सर्वांनी कंगाल ठरविले होते, त्या घराला आईंनी दाते केले होते.

मी आईंकडे जाऊन आपली चूक कबूल केली आणि विचारले, मी म्हटलेली वचने खोटी होती काय? त्या म्हणाल्या, “वचन कधी खोटं असते काय, दादा? पन ते तुम्ही कोनासाठी म्हटलं, त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?” या प्रश्नाचे उत्तर मला त्यांना देता आले नाही. स्वतःला मात्र द्यावेच लागले. त्या ओसरीवर मला भीती वाटत होती. त्या दुःखापुढे गप्प बसणे मला झेपत नव्हते, म्हणून मी वचनांचा आडोसा घेतला होता.

५. दार्ष्टांतिक स्वतःपाशी

तर मग कर्मभोगाचे वचन निरुपयोगी काय? मुळीच नव्हे. तेच वचन मनुष्याने स्वतःच्या दुःखात स्वतःस सांगितले तर ते बळ देते. कारण तेथे ते स्वीकार बनते. तेच दुसऱ्याच्या दुःखात त्याला ऐकविले तर तो ठपका बनतो. शब्द तेच, प्रकरण बदलले, अर्थ बदलला. प्रकरणवशाचे जे तत्त्व आचार्यांनी ग्रंथाकरिता घालून दिले, ते जीवनातही असे पदोपदी लागू पडते.

केशिराजबासांनी दृष्टांतांस दार्ष्टांतिके लिहिली, हा त्यांचा आपल्यावर थोर उपकार आहे. परंतु प्रत्येक अभ्यासकाचे शेवटचे दार्ष्टांतिक त्याचे त्यानेच लिहावयाचे असते, आणि ते कागदावर नव्हे. दृष्टांतातील जन्मांध मी कोठे आहे? पारधी मी कोठे आहे? वचन वाचताना आपले मन लगेच दुसऱ्या कोणाचे तरी नाव घेते. ‘हे अमक्याने वाचावयास हवे’ असे मनात आले की समजावे, दार्ष्टांतिक चुकले.

धीर देणारे वचन गोडच असले पाहिजे, हाही एक भ्रम आहे. आचारप्रकरणातील कित्येक वचने कठोर वाटतात. परंतु जो आपल्याकडून काही अपेक्षाच करीत नाही त्याने आपल्याला समर्थ मानलेले नसते. ‘तुला हे करता येईल’ असा विश्वास असल्याशिवाय कोणी कोणास आज्ञा करीत नाही. विधी सांगणाऱ्या वचनात हा विश्वास गृहीत असतो, आणि खचलेल्या माणसाला कालांतराने त्याचाच आधार वाटतो. आईंनी त्या गृहस्थाचे सांत्वन केले नाही. त्याला दार उघडे ठेवण्याचे काम सांगितले. तो ते करू शकेल हे त्यांनी धरून चालले होते.

६. अभ्यासाची रीत

येथवरच्या विवेचनावरून नित्य अभ्यासाकरिता काही गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, वचने थोडी घ्यावी आणि दीर्घकाळ घ्यावी. रोज नवे वचन वाचणारा मनुष्य रोज नवी विहीर खणणाऱ्यासारखा आहे. दोन हात खणतो आणि जागा बदलतो. एक वचन निदान महिनाभर सांभाळावे.

दुसरी, घेतलेल्या वचनाचा प्रसंग मूळ लीळेत पाहावा. समोर कोण होते, त्याने काय विचारले होते, हे कळले म्हणजे ते वचन आपल्या स्थितीस कितपत लागू आहे हे आपोआप उमगते. स्वतःस पाहता येत नसेल तर अधिकारी व्यक्तीस पुसावे. पुसण्यात कमीपणा नाही. पुसणाऱ्यांमुळेच आपल्याला शास्त्र मिळाले आहे.

तिसरी, वचन घरातल्या भाषेत स्वतःशी बोलून पाहावे. अर्थ आपल्या बोलीत सांगता आला नाही तर तो अजून कळलेला नाही असे समजावे.

चौथी, त्या वचनाची त्या दिवशी एक तरी कृती व्हावी, मग ती कितीही लहान असो. स्मरण आणि आचरण यांची जोड सुटली की वचन पाठांतरात उरते, जीवनात उरत नाही.

पाचवी, दुसऱ्याच्या दुःखात वचन सर्वांत शेवटी काढावे. आधी त्याच्याजवळ बसावे, तो जेवला की नाही हे पाहावे. त्याने पुसले तर सांगावे. न पुसेल तर आपण मनात नामस्मरण करावे.

परंपरा असे सांगते की परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या आधाराने ती पुन्हा सिद्ध करावी लागली. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ आजही त्या स्मरणशक्तीची साक्ष देतो. पोथी गेली, तरी वचने गेली नाहीत. कारण ती माणसांच्या ठायी मुरली होती. आपल्यावरही केव्हा ना केव्हा अशी वेळ येते की हाताशी पोथी नसते, दिवा नसतो, सोबत नसते. त्या वेळी जे आठवेल तेवढेच आपले. ते आज जोडून ठेवावे.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. सूत्रपाठ असताना प्रकरणवशाची गरज का भासली?
२. सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक यांचा परस्परसंबंध आपल्या शब्दांत सांगा.
३. सशाच्या लीळेत आसरा कोणास मिळाला व निरूपण कोणास झाले? त्यावरून आपण काय शिकावे?
४. गृहस्थाने संन्यासपर वचनांपासून कोणता बोध घ्यावा?
५. आपण एखाद्यास योग्य वचन अयोग्य वेळी ऐकविले होते काय? ते आठवून, आज त्याच्याकडे जाऊन काय करता येईल याचा विचार करा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये, अशी विनंती आहे. ते त्या व्यक्तीच्या दारी जाऊनच द्यावे.

दंडवत प्रणाम.